उंबरठ्यापाशी थांबलेले दान

मराठी घरात उंबरठ्याला मान आहे. सणावाराला त्याच्यावर हळदकुंकू वाहिले जाते, त्याच्यापुढे रांगोळी रेखली जाते, नवी सून माप ओलांडून त्याच्यावरूनच घरात येते. ‘उंबरठा ओलांडला’ असे म्हणताच मराठी माणसाच्या मनात कर्तृत्वाचा आरंभ उभा राहतो. परंतु ज्या बालकाला त्याचे पाय साथ देत नाहीत, त्याच्या लेखी हा उंबरठा म्हणजे जगाची सीमा असते. उंबरठ्यापलीकडे ओटा, ओट्याला तीन पायऱ्या, पायऱ्यांपुढे अंगण आणि अंगणापलीकडे शाळा, मैदान, देऊळ, बाजार आणि सोबती. हे सारे हाकेच्या अंतरावर असूनही कोणाच्या तरी कडेवर बसल्याखेरीज त्याला ते लाभत नाही.

अशा मुलाच्या घराला रॅम्प असावा, दार रुंद व्हावे, संडास-न्हाणीत त्याला आधार मिळावा आणि त्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून निधी उभारावा, ही गोष्ट ऐकायला साधी वाटते. वस्तुत: ती समाजाच्या संघटितपणाची, किंबहुना ‘समाज’ या शब्दाच्या अर्थाचीच परीक्षा आहे. पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात ही परीक्षा विशेष कठीण होते, म्हणून तिचा विचार तेथून सुरू करणे उचित ठरेल.

उंच जोत्याचे शहाणपण

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा म्हणजे परस्परांना न शोभणाऱ्या दोन जगांची एकत्र मांडणी आहे. एकीकडे १९६९ पासून वीज निर्माण करणारे तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आणि त्याच्याजवळ रसायने, औषधे, कापड व पोलाद यांची प्रचंड औद्योगिक वसाहत. दुसरीकडे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याचे डोंगरपाडे. या दोहोंच्या मध्ये दीर्घकाळ ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली वाढत गेलेले बोईसर. तेथे वारली, मांगेला, वाडवळ, भंडारी, आगरी अशी मूळची वस्ती आहे. खानदेश, कोकण, घाटमाथा येथून आलेले नोकरदार आहेत. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेला कामगारही आहे.

घरांचे प्रकारही तितकेच. चिंचणी-तारापूरची ओटी-पडवीची कौलारू घरे, बोईसरच्या चाळी, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती, पाड्यांवरील कुडाची घरे आणि शासनाची घरकुले. यांतील बहुतेक सर्वांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे उंच जोते. या भागात पाऊस धो धो कोसळतो. अंगणातले पाणी घरात शिरू नये, साप-विंचू आत येऊ नये, म्हणून जोते उंच घेणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. परंतु त्या शहाणपणात पायरी न चढू शकणाऱ्या माणसाचा विचार नव्हता. तो तेव्हा नव्हता, हे समजू शकते. आज दीड-दोन फूट उंचीचे जोते बांधून पूर्ण होते आणि तरीही त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला दोन धडधाकट पाय असतीलच असे गृहीत धरले जाते, हे मात्र समजण्यापलीकडचे आहे.

याची किंमत सर्वप्रथम मोजते ती आई. सेरेब्रल पाल्सी असलेले चार वर्षांचे मूल कडेवर घेणे कोणत्याही आईला जड नसते. तेच मूल बारा वर्षांचे झाले की त्याचे वजन तीस किलोच्या घरात जाते. सकाळी संडास, मग आंघोळ, मग ओट्यावर, पुन्हा आत; दिवसातून आठ-दहा वेळा हे वजन उचलणाऱ्या स्त्रीची कंबर मूल तरुण होण्याआधीच हार मानते. मग हळूहळू मुलाचे बाहेर जाणे कमी होते. प्रथम बाजार सुटतो, मग देऊळ, मग शाळा. कोणी त्याला कोंडलेले नसते; तरीही ते कोंडले जाते. आईची कंबर आणि मुलाचे बालपण एकाच पायरीवर खर्ची पडतात.

चाकाची खुर्ची वाटली म्हणजे हा प्रश्न सुटला, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. साहित्यवाटपाची शिबिरे होतात, रांगेने खुर्च्या मांडल्या जातात, छायाचित्रे निघतात. ज्या घरात ती खुर्ची जायची, त्याचे दार किती रुंद आहे हे मात्र क्वचितच कोणी विचारते. प्रौढ माणसाची खुर्ची साधारण दोन ते सव्वादोन फूट रुंद असते आणि संडासाचे दार बहुधा दोन-अडीच फुटांचे. हात चाकावर ठेवून त्यातून जाणे होत नाही. परिणामी ती खुर्ची काही दिवसांतच दारामागे घडी होऊन उभी राहते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात. खुर्ची दिली, खुर्चीला रस्ता दिला नाही.

कोटींचे औदार्य आणि पायरीची उपेक्षा

मराठी समाज देण्यात मागे आहे, असा याचा अर्थ नव्हे. २०२१ साली मुंबईतील एका तान्ह्या मुलीच्या दुर्धर स्नायुविकारावरील औषधासाठी सुमारे १६ कोटी रुपये लागणार होते. देशोदेशींच्या लोकांनी लहानमोठ्या रकमा देऊन तो निधी उभारला आणि केंद्र सरकारने औषधावरील सुमारे ६ कोटींचा कर माफ केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमधील दुसऱ्या एका बालिकेसाठीही असाच निधी जमला. दुर्दैवाने औषध मिळूनही ती वाचू शकली नाही. या दोन्ही प्रसंगी समाजाने जे मन दाखवले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याच्या घरात कधी असा आजार शिरला नाही, त्यानेही परक्याच्या लेकरासाठी हात मोकळा केला.

तथापि एक विसंगती नजरेआड करता येत नाही. जेथे चमत्काराची आशा आहे, तेथे कोट्यवधी रुपये काही आठवड्यांत जमतात. जेथे चमत्कार होणार नाही, मूल बरे होणार नाही, परंतु एका रॅम्पने आणि दोन दांड्यांनी त्याचे पुढील पन्नास वर्षांचे जगणे बदलू शकते, तेथे काही हजारही जमत नाहीत. औषधाच्या आवाहनात मृत्यू आणि जीवन समोरासमोर उभे असतात. रॅम्पच्या आवाहनात तसे नाट्य नसते. पायरीमुळे कोणी एका रात्रीत मरत नाही. तिच्यामुळे माणूस रोज थोडा थोडा वगळला जातो. समाजाची करुणा संकटात जागी होते आणि नित्याच्या अडचणीत झोपी जाते. हा दोष दातृत्वाचा नाही, दृष्टीचा आहे. आणि दृष्टीचा दोष दाखवून दिल्यावर दूर होऊ शकतो.

कायदा दारापर्यंत येऊन थांबतो

‘हे काम सरकारचे आहे’ हा पहिला आक्षेप. त्यात तथ्य आहे, पण ते पुरते नाही. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता; १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही संख्या एकवीसवर नेली. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानके केवळ मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करावीत असा निर्णय दिला. हे सर्व स्वागतार्ह आहे.

परंतु या सगळ्याचा रोख सार्वजनिक इमारती, रेल्वे स्थानके, शाळा, कार्यालये, संकेतस्थळे यांच्याकडे आहे. आधीच बांधलेल्या खासगी घराच्या आतील संडास आणि बाहेरील तीन पायऱ्या यांच्यापर्यंत कायदा पोचत नाही. याबाबतीत भारत एकटा नाही. अमेरिकेचा १९९० चा गाजलेला अपंग हक्क कायदाही मुख्यत: सार्वजनिक ठिकाणांपुरता आहे. इंग्लंडमध्ये मात्र घरात असे बदल करण्यासाठी स्थानिक प्रशासन अनुदान देते आणि अर्ज अपंग बालकासाठी असेल तर २००५ पासून पालकांचे उत्पन्न पाहिले जात नाही. मुलाचे घर हा केवळ त्याच्या बापाच्या ऐपतीचा प्रश्न नाही, हे त्या देशाने नियमात लिहून ठेवले. ज्या संस्कृतीत अतिथीही देव मानला जातो, तेथे हे वेगळे शिकवण्याची गरज पडू नये.

आणि सरकारचा जो पैसा आज उपलब्ध आहे, तो तरी नीट वापरला जातो काय? महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. तारापूरच्या वसाहतीलगतच्या ग्रामपंचायतींना कारखान्यांकडून कर मिळतो. त्यांच्यासाठी हा वाटा नगण्य नाही. तो किरकोळ रोख रकमांत सर्वांना वाटून टाकण्याकडे मात्र कल दिसतो. वाटप समान होते, तक्रार कोणाची राहत नाही आणि कोणाच्याही घराची एक पायरीही कमी होत नाही. २०१६ च्याच कायद्याने घरवाटपाच्या आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत दिव्यांगांसाठी ५ टक्के आरक्षण सांगितले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचे असते. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी घरकुल योजना आहे. ही घरे बांधली जात असतानाच दार तीन फुटांचे ठेवले, जोत्याला उतार दिला आणि शौचालयात बसते भांडे घातले, तर खर्च फारसा वाढत नाही. घर पूर्ण झाल्यावर तेच करायचे म्हणजे भिंत फोडणे आले. ग्रामसभेत हा विषय वेळेवर काढणारा एक जाणता माणूस पुष्कळदा मोठ्या देणगीहून अधिक उपयोगी पडतो.

पैशाआधी जागा

यापुढचा मुद्दा निधी गोळा करणाऱ्यांच्या बहुधा उशिरा ध्यानात येतो. रॅम्पला पैशापेक्षा जागा अधिक लागते. केंद्र शासनाच्या मानकांनुसार उताराचे प्रमाण एकास बारा याहून तीव्र नसावे. जोते दीड फूट उंच असेल, तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. दोन फूट असेल, तर चोवीस. त्याला सुमारे चार फूट रुंदी हवी आणि दोन्ही टोकांना खुर्ची वळण्यापुरती सुमारे पाच फुटांची सपाट जागा हवी. घाईने बांधलेला पाच-सहा फुटांचा आखूड रॅम्प दिसायला रॅम्प असतो. प्रत्यक्षात तो घसरगुंडी ठरतो आणि त्यावरून खुर्ची उलटली की मुलाबरोबर घराचा धीरही कोसळतो.

बोईसरच्या चाळीत कोणत्या खोलीपुढे अठरा फूट जागा असते? ती शेजाऱ्याच्या दारापुढून जाते, सामाईक गटारावरून जाते, दुसऱ्याची दुचाकी जेथे उभी राहते तेथून जाते. इमारतीत ती गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची असते आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावावाचून तेथे वीटही लावता येत नाही. ‘आज याला दिले तर उद्या दुसरा मागेल’, ‘इमारतीची शोभा जाईल’, ‘गाड्या कोठे लावायच्या’ अशी वाक्ये ज्या सभेत उच्चारली जातात, त्या सभेतील बहुतेक सदस्य आपापल्या परीने सज्जन असतात. त्यांतील काहींनी त्याच महिन्यात एखाद्या अनाथालयाला देणगीही दिलेली असते. दूरच्या दु:खासाठी पैसा देणे सोपे; शेजारच्या दु:खासाठी चार फूट जागा सोडणे अवघड. म्हणून अशा निधीसंकलनातील पहिली देणगी रोख रकमेची नसते, ती शेजाऱ्याच्या संमतीची असते. ती मिळाली की पैसा मागोमाग येतो. ती न मिळता जमलेला पैसा बँकेत पडून राहतो.

या संमतीत शेजाऱ्याचाही स्वार्थ आहे, हे निर्मळपणे सांगायला हरकत नाही. मुलासाठी बांधलेल्या त्याच रॅम्पवरून उद्या गुडघेदुखीची आजी उतरते, बाळंतीण उतरते, गॅसची टाकी चढते, पाय मोडलेला कामगार घरी येतो. जे आज एका घरासाठी मागितले जाते, ते म्हातारपणी प्रत्येक घराला लागणार असते.

धोक्याची घंटा वाजते तेव्हा

तारापूर परिसरात या विषयाला आणखी एक बाजू आहे. तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. औद्योगिक वसाहतीत आगी आणि स्फोट झाले आहेत. ११ जानेवारी २०२० च्या स्फोटात कामगारांचे बळी गेले आणि त्याचा हादरा काही किलोमीटरपर्यंत जाणवला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा अनेक कुटुंबांनी थंडीत घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या. अणुऊर्जा केंद्राभोवती १६ किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र आपत्कालीन नियोजनात धरण्याची पद्धत आहे. अशा प्रत्येक प्रसंगी नागरिकांना सांगावयाचे ते एकच: वेळ न दवडता घराबाहेर पडा, नाहीतर सांगितलेल्या ठिकाणी पोचा.

जे मूल स्वत: घराबाहेर पडू शकत नाही, त्याचे काय? वडील पाळीवर आहेत, आई एकटी आहे, मूल तीस किलोचे आहे, खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. अशा क्षणी रॅम्प, रुंद दार आणि तळमजल्यावरची खोली ही चैन नसते, जीव वाचवण्याचे साधन असते. ज्या वस्तीत चालू न शकणारे मूल आहे, तेथे धोक्याच्या वेळी त्याला उचलायला कोणते दोघे धावतील हे आधीच ठरलेले असावे. याला एक पैसाही लागत नाही. केवळ त्या घराशी संपर्क असावा लागतो. घरोघरी संपर्काचा अभ्यास असलेल्या कार्यकर्त्यांना हे सांगावे लागू नये. आपल्या वस्तीत अशी किती मुले आहेत, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा संपर्क अपुरा आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

देण्याची रीत

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्राला, परतफेडीची अपेक्षा न धरता, कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. आणि घेणाऱ्याचा मान न राखता, त्याला तुच्छ लेखून दिलेले ते तामस. देणाऱ्याने काय दिले याबरोबरच कसे दिले, याला भारतीय विचाराने इतके महत्त्व दिले आहे.

या कसोटीवर आजचे निधीसंकलन पारखले, तर पुष्कळ काही खटकते. मुलाचे वाकडे झालेले हातपाय ठळकपणे दाखवणारे फलक चौकात लागतात. मोबाइलवरून त्याचे नाव, शाळा, पत्ता, आजार सगळे गावभर फिरते. मोठा कागदी धनादेश हातात धरून सहा जण उभे राहतात आणि मधोमध ते मूल. ते मूल उद्या मोठे होणार आहे, वर्गात बसणार आहे, स्पर्धा परीक्षा देणार आहे; सोबत्यांच्या मोबाइलमधील ते छायाचित्र तेव्हाही तेथेच असणार आहे. पैसे मिळाले, पण त्या बदल्यात मुलाची प्रतिष्ठा गहाण पडली, असा हा व्यवहार आहे. वास्तविक दाखवायचे ते मूल नव्हे, पायरी. ‘या आळीत अठरा फुटांचा रॅम्प बांधावयाचा आहे, एवढा खर्च आहे, एवढी रक्कम जमली आहे’ इतके आवाहन पुरेसे असते. ज्यांना त्या मुलाची ओळख आहे त्यांना ती आहेच. ज्यांना नाही त्यांना ती देण्याची गरज नाही.

मुलाचे नाव झाकावे, हिशेब मात्र उघडा ठेवावा. गणेशोत्सव मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची जी कलम ४१ क ची परवानगी घ्यावी लागते, तिची माहिती गावोगावच्या तरुणांना आहे. अशा कामासाठी वर्गणी मागतानाही तोच नियम पाळावा, अथवा नोंदणीकृत संस्थेमार्फत काम करावे. बँकेतील खात्यावर पालकांसोबत वस्तीतील दोन विश्वासू माणसांच्या सह्या असाव्यात, सिमेंट-लोखंडाची बिले पाहू इच्छिणाऱ्याला पाहता यावीत. चोख हिशेबामुळे एका घरासाठी उभा राहिलेला विश्वास दुसऱ्या घराच्या कामी येतो.

पैशा-पैशाची परंपरा

थोड्या थोड्या रकमांतून मोठे काम उभे करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. गेल्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड सुरू केला. माणशी एक पैसा मागणाऱ्या त्या फंडातून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठबळातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एकनाथजी रानडे यांनी कन्याकुमारीच्या शिला स्मारकासाठी देशभरातील लाखो सामान्य माणसांकडून एक-एक रुपया मागितला आणि सप्टेंबर १९७० मध्ये ते स्मारक राष्ट्राला अर्पण झाले. एखाद्या धनिकाकडून सारी रक्कम घेणे कदाचित सोपे गेले असते. परंतु मग ते काम लोकांचे झाले नसते. रुपया देणारा मनुष्य त्या कामाचा धनी होतो. आळीतील तीस घरांनी मिळून बांधलेल्या रॅम्पवर दुचाकी लावायला त्या आळीतील कोणी धजावत नाही. कारखान्याने परस्पर बांधून दिलेल्या रॅम्पवर दुसऱ्याच दिवशी ती उभी राहते.

अपंगांच्या बाबतीतही महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण आहे. ऐन तारुण्यात कमरेखालची शक्ती गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभारली. समाजाच्या देणग्यांतून तिचे ‘घरौंदा’ हे वसतिगृह उभे राहिले आणि तेथे खुर्चीवरील मुलामुलींना स्वत:ची कामे स्वत: करता येतील अशी रचना केली गेली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन अनेक मराठी घरांत वाचले गेले. तथापि प्रत्येक मुलाला घर सोडून वसतिगृहात जावे लागू नये. जी रचना संस्थेच्या इमारतीत शक्य झाली, ती मुलाच्या स्वत:च्या घरी पोचवणे हे पुढचे पाऊल आहे.

पालघर जिल्ह्यानेच या दिशेने एक धडा फार पूर्वी देऊन ठेवला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांच्या शिक्षणाचे काम केले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही; शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेचे मर्म एवढेच की, बालक व्यवस्थेपर्यंत पोचू शकत नसेल तर व्यवस्थेने बालकापर्यंत गेले पाहिजे. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा हक्क शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला, तो याच जातीचा. मात्र घरी शिकणे हा नाइलाजाने शोधलेला मार्ग आहे. केवळ तीन पायऱ्यांमुळे मूल घरी शिकत असेल, तर तेथे शिक्षकाआधी गवंडी पाठवायला हवा.

हातात असलेली साधने

बोईसर-तारापूरच्या हाती यासाठी जी साधने आहेत, ती महाराष्ट्रातील फार थोड्या गावांकडे असतील. औद्योगिक वसाहतीत कुशल वेल्डर, फिटर आणि फॅब्रिकेशनचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या घराला पक्का रॅम्प बांधणे घरमालकाला मान्य नसेल, तर उचलून नेता येईल असा लोखंडी रॅम्प हे कारागीर सुटीच्या दिवशी बनवू शकतात. खाऱ्या आणि रसायनयुक्त हवेत साधे लोखंड दोन पावसाळ्यांत सडते, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले किंवा न गंजणारे पोलाद वापरावे. पावसात शेवाळ धरणारी गुळगुळीत फरशी रॅम्पवर घालू नये, हेही त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. अशा कारागिराचा एक रविवार ही हजारो रुपयांची देणगी आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्यात स्थानिक परिसराला प्राधान्य अपेक्षित आहे. कंपन्यांकडे एकेका घराचा अर्ज घेऊन गेल्यास तो कागद टेबलावर पडून राहतो. मात्र पंचवीस घरांची मोजमापांसह यादी, प्रत्येकाचे अंदाजपत्रक, ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीतून मिळणारा हिस्सा आणि वस्तीने जमवलेला हिस्सा असा प्रस्ताव गेला, तर त्याला नाही म्हणणे कोणत्याही व्यवस्थापनाला जड जाईल. मोजमापे घेण्यासाठी व्यवसायोपचार तज्ज्ञाची मदत अवश्य घ्यावी. मुलाला काय लागते हे स्थापत्य अभियंत्याला ठाऊक नसते आणि देणगीदाराला तर मुळीच नसते. सर्वांत आधी विचारावे ते त्या मुलाला आणि त्याच्या आईला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मूल वाढते. सहाव्या वर्षी बसणारी कमोडची खुर्ची नवव्या वर्षी अपुरी पडते. दांडीची उंची बदलावी लागते. एकदाच केलेले मोठे संकलन येथे पुरत नाही. महाराष्ट्रातील अनेक शहरांत सेवाभावी मंडळींनी चालवलेली रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. अनामत ठेवून वॉकर, खाटा, खुर्च्या नेता येतात आणि काम झाल्यावर परत करता येतात. याच केंद्रांत लहान मुलांच्या मापाच्या खुर्च्या, उचलते रॅम्प, न्हाणीतील बैठका ठेवल्या, तर एका मुलाला लहान झालेली वस्तू दुसऱ्याच्या कामी येईल आणि भाडेकरू घर बदलून गेला तरी रॅम्प वाया जाणार नाही. हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत शंभर किलोमीटरवर खेपा घालून, शस्त्रक्रिया करून, पायाला कॅलिपर लावून परतलेल्या मुलाला घरी आल्यावर त्याच त्या पायऱ्या भेटू नयेत, एवढी व्यवस्था तरी गावाने करून ठेवावी.

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. देहाने आठ ठिकाणी वाकडा असलेला हा बालक जनकाच्या सभेत पंडितांशी वाद करण्यासाठी आला, तेव्हा त्याला सर्वप्रथम अडवले ते द्वारपालाने. ज्ञान वयावर अवलंबून नसते हे त्या बालकाने दारातच पटवून दिले. द्वारपाल बाजूला झाला आणि मग भरसभेत अष्टावक्राचा विजय झाला. द्वारपालाला शब्दांनी जिंकता येते. तीन पायऱ्यांपुढे कोणताही युक्तिवाद चालत नाही; त्या फोडाव्या लागतात, नाहीतर त्यांच्यावर उतार बांधावा लागतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील किती बालके दारातच अडली आहेत, हे सांगणारा आकडा जनगणनेत नसतो. तो प्रत्येक वस्तीला आपापल्या आळीत फिरूनच काढावा लागेल, आणि तो काढणाऱ्यांनी सोबत मोजपट्टीही न्यावी.